जॉब कार्डावर न उतरलेला आवाज

कामरेजला चढ नाही. तापीच्या गाळाने सपाट केलेला मुलूख. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला वराछ्याकडून पसरत आलेल्या सोसायट्या आणि मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग. उड्डाणपूल आहेत, पण ते गाडी चौथ्या गिअरमध्ये सहज चढून जाते. इंजिनाचा कस लागतो तो राज्य ओलांडल्यावर. बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला महाराष्ट्रात शिरावे, विसरवाडी मागे टाकावी, की कोंडाईबारीचा घाट सुरू होतो. पुढे भरलेला ट्रक, दुसरा गिअर, एसी चालू, गाडीत पाच माणसे आणि डिकीत आहेराच्या साड्यांचे गठ्ठे. सुरतेच्या लूमवर पोट भरायला आलेली खानदेशी माणसे उधना, लिंबायत, डिंडोलीत स्थिरावली. त्यांची पुढची पिढी आता कामरेजसारख्या भागात फ्लॅट घेते. आखाजी, लग्नसराई, दिवाळी, गावाकडचे दहावे-तेरावे, सगळ्याला जायची वाट हीच.

आमचे दाजी याच वाटेचे. नवी पेट्रोल गाडी घेऊन वर्ष उलटले आणि घाटात बॉनेटखालून खटखट ऐकू येऊ लागली. सपाटीला लागले की बंद. डीलरच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. सर्व्हिस ॲडव्हायझर शेजारी बसला, महामार्गावर दोन-तीन किलोमीटर फेरी झाली, काचा खाली करून त्याने कान दिला आणि परत आल्यावर सांगून टाकले, “आ तो नॉर्मल छे, साहेब. नवी गाडीमां एवुं आवे.” गाडी धुऊन, पुसून, चकचकीत करून परत मिळाली. आवाज तिच्याबरोबरच परत आला.

वॉरंटीतल्या गाडीचा आवाज डीलरकडून दुरुस्त करून घेणे हा भारतात घरोघरचा अनुभव आहे. आणि तो बहुतेक वेळा एकाच जागी अडतो. आवाज आहे की नाही, यावर भांडण फार वेळ चालत नाही. भांडण चालते ते आवाज कुणी, कधी आणि कोणत्या शब्दांत लिहून घेतला यावर. कान ग्राहकाचा असतो आणि पेन डीलरचे.

आवाजाची वेळ

इंजिनाच्या आवाजातले जाणते लोक ‘कसा येतो’ हे विचारण्याआधी ‘कधी येतो’ हे विचारतात. सकाळी पहिला स्टार्ट मारल्यावर दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांत, असे असेल तर संशय टायमिंग चेनच्या टेन्शनरवर जातो. अनेक इंजिनांत तो ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते आणि दाब तयार होईपर्यंत चेन सैल असते. इंजिन गार असताना ठकठक आणि गरम झाल्यावर बंद, हे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला आपटत असल्याचे लक्षण. हलकी, नियमित टिकटिक आणि ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारी लय असेल तर टॅपेट. भार पडला की खोलवरून येणारा जड ठोका हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. त्याकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महागात पडते. चढावर छर्रे सांडल्यासारखा किणकिणाट असेल तर सिलिंडरमधले मिश्रण वेळेआधी किंवा नको तसे पेटते आहे. ठरावीक आरपीएमलाच झणझणणारा पत्रा बहुधा सायलेन्सरच्या पाइपावरचे हीट शील्ड असतो, त्यात इंजिनाचा काही दोष नसतो.

काही आवाज खरोखरच नॉर्मल असतात, हेही मान्य करायला हवे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाची टिकटिक जन्मजात असते. जुनी पेट्रोल गाडी चालवलेल्या माणसाला ती डिझेलसारखी वाटते. टर्बोची बारीक शीळही तशीच. त्यामुळे ‘नॉर्मल आहे’ म्हणणारा प्रत्येक ॲडव्हायझर खोटे बोलतो असे नाही.

मात्र तो ज्या परिस्थितीत ऐकतो ती परिस्थितीच पुष्कळदा चुकीची असते. सकाळच्या खडखडीची तक्रार घेऊन माणूस दहा किलोमीटर गाडी चालवत वर्कशॉपला जातो. तोवर ऑइल वर चढलेले, इंजिन तापलेले. तिथे आवाज येणारच नाही. अशा वेळी उपाय एकच: गाडी आदल्या संध्याकाळी लावायची, रात्रभर तिथेच ठेवायची आणि सकाळचा पहिला स्टार्ट फोरमनने आपल्यासमोर मारायचा, ही अट जॉब कार्डावर लिहून घ्यायची. चढावरचा आवाज असेल तर सपाट रस्त्यावरच्या फेरीला अर्थ नाही. गाडीत माणसे बसवून, एसी लावून, वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने भार देऊन ऐकायला सांगायचे.

‘टॅपेट चेक केले, ओके’

दाजींची दुसरी खेप पहिलीपेक्षा वाईट गेली. मधल्या काळात महामार्गालगतच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने नुसते ऐकून सांगितले होते, “टॅपेट वाजताहेत.” दाजींनी डीलरकडे तेच सांगितले आणि जॉब कार्डावर तेच छापून आले: टॅपेट नॉइज. वर्कशॉपने टॅपेट तपासले. ते ठीक होते. संध्याकाळी कागदावर शेरा पडला, ‘टॅपेट चेक केले, ओके’, आणि तक्रार निकाली निघाली. कागदोपत्री पाहिले तर डीलरने आपले काम चोख केले होते. ग्राहकाने जे सांगितले ते तपासले, दोष नव्हता, गाडी परत दिली. त्या कागदावर दाजींची सहीसुद्धा होती.

निदान लिहून दिले की डीलरला ते निदान खोडून मोकळे होता येते. लक्षण लिहून दिले तर ते लक्षण जाईपर्यंत तक्रार उघडी राहते. तिसऱ्या वेळी दाजींनी घरूनच कागद लिहून नेला: गाडी गरम, एसी चालू, पाच माणसे, दुसरा-तिसरा गिअर, दोन हजार आरपीएमच्या आसपास, चढावर बॉनेटच्या डाव्या बाजूने खटखट, क्लच दाबला की थांबते. त्यात कोणत्याही पार्टचे नाव नव्हते. ॲडव्हायझर ते ‘इंजिन नॉइज’ एवढ्यात आटोपू पाहत होता; कागदाची प्रत जॉब कार्डाला जोडली आणि पोच घेतली, तेव्हा काम पुढे सरकले.

क्लच दाबला की थांबते, या शेवटच्या वाक्याने खरे काम केले. वर्कशॉपच्या मागच्या बाजूला एक मूळचा साक्रीकडचा फिटर होता. त्याने कागद वाचला आणि टेस्ट ड्राइव्हला न जाता बॉनेट उघडले. हँडब्रेक ओढला, एकाला ब्रेकवर पाय रोवून बसवले आणि रिव्हर्स टाकून क्लच हळूहळू सोडायला सांगितले. स्वतः बाजूला उभे राहून बोट इंजिनाकडे धरले. क्लच अर्धा सुटला तसे इंजिन एका अंगाने वर उठले, चांगले तीन-चार बोटे, आणि खट्ट झाले. क्लच दाबला, इंजिन खाली बसले. पुन्हा सोडला, पुन्हा खट्ट. “भाऊ, इंजिन उठी ऱ्हायनं,” तो दाजींना म्हणाला. गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी बैठकीवर टेकलेले असते ती, आतून फाटली होती. चढावर भार आला की इंजिन कलायचे आणि धातूवर धातू आपटायचा. कोंडाईबारीचा घाट कामरेजच्या शेडमध्ये दोन मिनिटांत उभा राहिला. आवाज इंजिनाचा नव्हताच. पण ते शोधून काढणे हे ग्राहकाचे काम नव्हते.

पुस्तिकेतले बारीक अक्षर

यानंतरची अडचण वेगळी होती. माउंटिंग रबराचे, आणि रबर वॉरंटीत नाही, असे काउंटरवरून सांगण्यात आले. दाजींनी ग्लोव्ह बॉक्समधली पुस्तिका काढली. झिजणाऱ्या वस्तूंच्या यादीत ब्रेक पॅड होते, क्लच प्लेट होती, वायपर, बल्ब, बेल्ट होते. माउंटिंग नव्हते. पार्ट वॉरंटीत बदलून मिळाला.

ही यादी कंपनीगणिक वेगळी असते. काही पुस्तिकांत रबरी भाग सरसकट वगळलेले असतात, काहींत नसतात. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही, आपली पुस्तिका वाचावी लागते. मुदतीही बदलत आहेत. मारुती सुझुकीने २०२४ च्या जुलैपासून साधी वॉरंटी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली. दोन्हींपैकी जे आधी भरेल ते धरायचे. सुरत-धुळे वाऱ्या करणाऱ्याचे किलोमीटर आधी भरतात.

आवाजाच्या तक्रारीला सर्वांत जड जाणारे कलम मात्र दुसरेच आहे. गाडीच्या कामगिरीवर परिणाम न करणारे किरकोळ दोष, त्यात आवाज आणि कंपनेही आली, वॉरंटीत धरले जाणार नाहीत, अशा अर्थाचे वाक्य अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत असते. म्हणजे नुसता ‘आवाज येतो’ म्हटले की डीलर या वाक्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून आवाजाबरोबर आणखी काय घडते ते सांगावे लागते: चढावर ओढ कमी झाली का, मायलेज उतरले का, दोन सर्व्हिसच्या मधे डिपस्टिकवर ऑइल कमी दिसते का, इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरते का. यातली एक गोष्ट जरी नोंदली गेली तरी किरकोळ आवाजाचा बिघाड होतो आणि बिघाड वॉरंटीत येतो. ऑइल बदलले असेल तर त्याचा ग्रेड बिलावर लिहून घ्यावा. नव्या गाड्यांना पातळ ऑइल लागते. त्याऐवजी जाड ऑइल भरले तर टिकटिक काही काळ दबते आणि वॉरंटी सरेपर्यंत दबलेलीच राहू शकते.

वाहनातून बाहेर किती आवाज जावा याची मर्यादा मोटार वाहन नियमांत आहे. आतल्या खटखटीला अशी मर्यादा नाही. तिची मोजणी शास्त्रशुद्ध होऊ शकते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या वाहन संशोधन संस्थेत आवाज आणि कंपनांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. पण रोजच्या वर्कशॉपमध्ये अजूनही लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावूनच निदान होते, आणि ते बरेचदा बरोबरही निघते.

डीलरची बाजू

डीलर टाळाटाळ का करतो, हे समजून घेतले तर पाठपुरावा सोपा जातो. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनी देते आणि मजुरी ठरलेल्या तासांप्रमाणे मोजते. चेन टेन्शनर बदलायला अमुक इतका वेळ, माउंटिंगला तमुक. पण आवाज शोधण्यात फिटरचा अर्धा दिवस गेला तर त्याचा हिशेब या तक्त्यात नीट बसत नाही. काढलेला पार्ट तपासणीसाठी जपून ठेवावा लागतो, आणि कंपनीने क्लेम नाकारला तर खर्च डीलरच्या अंगावर पडतो. पैसे देणाऱ्या ग्राहकाच्या सर्व्हिसमध्ये जितका नफा, तितका वॉरंटीच्या शोधकामात नाही. ॲडव्हायझरलाही दिवसाला ठरावीक गाड्या बाहेर काढायच्या असतात.

म्हणून दुसऱ्या खेपेनंतर काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर मागावा. त्याच्यासमोर संयुक्त टेस्ट ड्राइव्ह मागावी आणि तिचा निष्कर्ष लेखी घ्यावा. त्याने मंजुरी दिली की डीलरचा क्लेम अडकत नाही, आणि मग तोच डीलर आपल्या बाजूने बोलू लागतो.

कायद्याच्या नजरेत कंपनी आणि डीलर वेगळे आहेत, हेही ध्यानात ठेवावे. गोव्यातल्या एका ग्राहकाला २००९ सालची, आधी चाललेली गाडी २०११ ची नवी म्हणून विकली गेली होती. राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगांनी डीलरबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. दोघांमधला व्यवहार मालक आणि नोकर असा नसून स्वतंत्र खरेदी-विक्रीचा आहे, आणि डीलरने काय केले हे कंपनीला माहीत होते असे दिसत नाही, असे त्याचे कारण. यावरून घ्यायचा धडा साधा आहे: प्रत्येक तक्रार डीलरबरोबर कंपनीलाही ईमेलने पाठवावी. ‘आम्हाला माहीतच नव्हते’ म्हणायला जागा ठेवू नये.

न्यायालयाने ऐकलेले आवाज

इंजिनाचा आवाज थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो फियाट कंपनीच्या एका गाडीमुळे. तक्रार इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आवाजाची होती. कंपनीने इंजिन बदलून दिले, तरी ग्राहकाचे समाधान झाले नाही. राज्य आयोगाने पैसे परत द्यायला सांगितले. राष्ट्रीय आयोगाने ते बदलून गाडी निर्दोष करून द्या, आणि स्वतंत्र तज्ज्ञाकडून तशी खात्री करून घ्या, असा आदेश दिला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश कायम ठेवला. आवाजाखेरीज गाडी चालवता येऊ नये असा मोठा दोष नाही, असे त्याचे मत पडले. पण एक महत्त्वाची भर घातली: तज्ज्ञाला उत्पादनातलाच मूळ दोष आढळला, तर गाडीची किंमत, कर आणि हप्ते १२ टक्के व्याजासह परत मिळतील.

त्याआधी २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले होते की क्लचसारखा एखादा भाग सदोष निघाला म्हणून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. वॉरंटी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे. तर २००४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या सदोष डिझेल गाडीबद्दल न्यायालय संतापले होते. दोष कबूल करायचा सोडून कंपनी शेवटपर्यंत भांडत राहिली, ही गोष्ट त्याने खेदाची ठरवली. २०२३ मध्ये फोर्डच्या एंडेव्हर गाडीच्या मालकाला, इंजिन बदलूनही दोष राहिल्यामुळे, एकूण ४२ लाख रुपये देण्याचा आदेश झाला.

हे निकाल एकत्र वाचले की न्यायालयाची चाल दिसते. आधी दुरुस्ती, मग भाग, मग इंजिन, आणि अगदी शेवटी गाडी किंवा पैसे. प्रत्येक पायरी चढायला आधीच्या पायरीचा कागद लागतो. डीलरकडे चार वेळा गेलो हे तोंडी सांगून भागत नाही. चार जॉब कार्डांवर तीच तक्रार त्याच शब्दांत दिसावी लागते. एकावर ‘नॉइज’, दुसऱ्यावर ‘जनरल चेकअप’, तिसऱ्यावर ‘पेड सर्व्हिस’ असेल तर दोष कधी सुरू झाला हेच सिद्ध होत नाही. कायद्याला ऐकू येत नाही, त्याला वाचता येते.

वेळेची तयारीही ठेवावी लागते. २००९ मध्ये घेतलेल्या एका बीएमडब्ल्यूचा वाद २०२४ च्या जुलैत, ५० लाख रुपये देण्याच्या आदेशाने संपला. म्हणून शक्य तो वाद वर्कशॉपच्या दारातच संपवणे शहाणपणाचे.

अलाबामाचा ठोका

एक आवाज किती दूर जाऊ शकतो हे अमेरिकेत दिसले. ह्युंदाईच्या अलाबामा कारखान्यात क्रँकशाफ्ट घडवताना उरलेला धातूचा कीस पूर्ण साफ होत नव्हता. तो ऑइलच्या वाटेत अडकायचा, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ऑइल कमी पडायचे आणि ठोका सुरू व्हायचा. पुढची पायरी म्हणजे धावती गाडी बंद पडणे. २०१५ मध्ये सुमारे ४,७०,००० सोनाटा गाड्या परत बोलावल्या गेल्या. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी जवळपास १२ लाख. कंपनीतच काम केलेल्या किम ग्वांग-हो या अभियंत्याने दोषाची माहिती सरकारी यंत्रणेला दिली होती. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई झाली आणि २०२१ मध्ये किम यांना दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. पुढे कंपन्यांनी नॉक सेन्सर वापरून बेअरिंगचा ठोका ओळखणारे सॉफ्टवेअर गाड्यांत घातले. माणसाच्या कानावर विसंबायचे नाही, हे त्यांनी शिकून घेतले.

तिथे ग्राहकाच्या हाती आणखी एक साधन आहे. १९८२ मध्ये कनेक्टिकटने सुरुवात केली आणि मग राज्याराज्यांत ‘लेमन लॉ’ आले. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास मराठी कुटुंबे पुष्कळ, नव्या गाडीच्या पहिल्या दोन वर्षांत किंवा २४,००० मैलांत तोच मोठा दोष तीनदा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण वीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर परतीचा हक्क मागता येतो. हा आकडा मोजला जातो तो डीलरने दिलेल्या दुरुस्तीच्या कागदांवरून. म्हणजे तिथेही सगळे जॉब कार्डावरच येते. फरक इतकाच की कितव्या कागदानंतर काय मागता येईल हे आधी ठरलेले आहे. भारतात असा कायदा नाही.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यातल्या काही तरतुदी सुरतेतल्या खानदेशी ग्राहकाच्या खास कामाच्या आहेत. गाडी सुरतेत घेतली असली तरी तक्रार आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. नोकरी बदलून धुळ्याला परतलेल्याला सुरतेचे हेलपाटे नकोत. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. फी पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा लाखांपर्यंत २०० आणि वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यासाठी अर्ज करायला विसरू नये, कारण तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ‘उत्पादनातला दोष’ हे शब्द हवेत राहतात. गाडी फर्मच्या नावावर असली म्हणून ती लगेच व्यापारी ठरत नाही. संचालकाच्या स्वतःच्या वापराची मर्सिडीज व्यापारी हेतूची नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. कापड आणि हिऱ्याच्या शहरात हा मुद्दा लहान नाही.

आयोगाआधीची पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे नोंदलेली तक्रार कंपनीच्या वरच्या कार्यालयात पोचते आणि काउंटरवर अडकलेले काम पुष्कळदा तेवढ्याने सुटते. सल्ल्यासाठी जुन्या, कसलेल्या संस्थाही आहेत: बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायत, अहमदाबादचे १९७८ पासूनचे कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर.

बाहेरच्या गॅरेजात बॉनेट उघडले म्हणून वॉरंटी गेली, ही धमकी सरसकट खरी नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, त्याच आदेशात हा मुद्दा होता: बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता यावी. त्यावर पुढे अपिले झाली, तरी तत्त्व समजून ठेवण्यासारखे आहे. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची गोष्ट वेगळी. तो गाडीतला बदल आहे, दुरुस्ती नव्हे, आणि बहुतेक पुस्तिका त्याला माफ करत नाहीत. सीएनजी कोरडा जळतो. पेट्रोलचा ओलावा न मिळाल्याने व्हॉल्व्ह सीट लवकर झिजू शकतात. गुजरातेत पंपापंपावर सीएनजी आहे, म्हणून हा मोह मोठा. वॉरंटीतल्या गाडीला कंपनीतूनच बसवलेला किट घ्यावा, हे बरे.

मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग उपयोगी असते, पण मूळ फाइल जपावी. व्हॉट्सॲपवरून पाठवली की आवाज दाबला जातो, आणि आवाजाच्या तक्रारीत तोच तर पुरावा. डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा आणि किलोमीटर चित्रात दिसतील असे धरावे. वाद आयोगात गेला तर २०२३ च्या साक्ष अधिनियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, तेव्हा तो मोबाइल विकून मोकळे होऊ नये.

दाजींचे काम आयोगापर्यंत गेले नाही. दोनशे-चारशे रुपयांची फीही भरावी लागली नाही. लागला तो वहीतला फाडलेला एक कागद आणि तो जोडून घेण्याचा हट्ट. एवढ्यासाठी प्रत्येक ग्राहकाला हट्ट करावा लागू नये. वॉरंटीतल्या गाडीच्या जॉब कार्डावर ग्राहकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत, मराठी असो की गुजराती, लिहिले जावे. आवाज ऐकू आला नाही तर कोणत्या परिस्थितीत ऐकला ते डीलरने लिहावे. आणि तोच दोष तिसऱ्यांदा नोंदला गेला की कंपनीचा माणूस आपणहून यावा. लेमन लॉ येईल तेव्हा येईल. या तीन गोष्टींना संसदेची गरज नाही, कंपनीच्या एका परिपत्रकाची आहे. ते निघेपर्यंत घरून निघतानाच लक्षण लिहून न्यावे, सही करण्याआधी छापील कागद वाचावा, आणि ‘ओके’ लिहिलेल्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात लिहावे: आवाज कायम आहे.